गावकऱ्यांना हटवून माती वाचणार नाही

‘गावकऱ्यांना जंगलाबाहेर काढा, डोंगरांना कुंपण घाला आणि भराभर वाढणारी निलगिरी लावा, माती थांबेल, शेती वाचेल’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो वाचून ठाण्यात राहणाऱ्या माझ्या मामांनी मुरबाडजवळच्या वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर निलगिरी लावायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

निलगिरीचा मुद्दा सर्वांत घातक आहे. माती धरून ठेवण्याचे काम नुसती खोडे करत नाहीत. ते पालापाचोळा, गवत आणि झुडपांची मुळे मिळून करतात. उंच झाडाच्या पानांवर साचलेले टपोरे थेंब खालच्या उघड्या मातीवर आदळले की तिचे कण सुटून उताराने वाहू लागतात. त्यामुळे एकाच जातीच्या लागवडीखालचा पाला वणव्यात जळाला किंवा गोळा करून नेला, तर झाडे उभी असूनही धूप होतेच. मामांच्या वरकसाखाली भातखाचरे आहेत. वरचा मुरूम त्यांत उतरला की पीक दबते आणि बांधही फुटतो. तेथे समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर), ओघळींत अनगड दगडांचे बांध आणि ऐन, करंज, बांबू यांची मिश्र लागवड हवी.

‘गावकरीच जंगल तोडतात’ यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. राब भाजण्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपवाटिकेची जमीन फांद्या-पाला जाळून भाजण्यासाठी, दरवर्षी फांद्या छाटल्याने ऐन खुरटतो. मात्र त्यावर हकालपट्टी हा उपाय नव्हे. चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळतात आणि बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात. मग राबासाठी जंगलात जावे लागत नाही.

कुंपणाने वणवा विझत नाही. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला आणि आग दिसताच धावायला जवळचे गावच लागते. उष्ण कटिबंधातील 40 संरक्षित क्षेत्रे आणि 33 लोकव्यवस्थापित जंगले यांची तुलना करणारा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांनी सांभाळलेल्या जंगलांत वार्षिक जंगलतोडीचा दर कमी आढळला. आपल्याकडे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. 2006 च्या वनहक्क कायद्याचे कलम 5 तर वनहक्कधारकांना आणि ग्रामसभेला जंगल व पाणलोट राखण्याचा अधिकार देते, म्हणजे ‘कायद्यानेही गावकऱ्यांना हटवता येते’ ही त्या मजकुरातली शेवटची ओळ कायदा न वाचताच लिहिलेली आहे.