विचारा दादाला

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात चुलतभावानं एका भाडेकराराचा फोटो टाकला. एका कलमाखाली लाल पेनची रेघ: 'भाडे, लाइटबिल अगर पाणीपट्टी थकल्यास वसुलीचा सर्व खर्च वकील फीसह भाडेकरूने द्यावयाचा आहे.' खाली त्याची पुस्ती: 'सगळ्यांनी हेच टाका भो. अमेरिकेत असंच असतं, विचारा दादाला.' मग पिंप्राळ्यापासून भुसावळपर्यंतच्या आमच्या तमाम घरमालकांचे अंगठे.

दादा म्हणजे मी. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये सोळा वर्षं भाड्यानं राहतोय. मला कोणी विचारलं नाही, पण सांगतो. अमेरिकेत असं नसतं.

इथला मूळ दंडक असा की हरा नाहीतर जिंका, आपापल्या वकिलाची फी आपण द्यायची. करारात किंवा कायद्यात वेगळं लिहिलं असेल तरच ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. घरमालक करारात ते लिहून घेतातच. पण न्यूयॉर्कचा कायदा म्हणतो, करारानं घरमालकाला फी मिळणार असेल तर भाडेकरू जिंकल्यावर त्यालाही मिळेल, मग करारात तसं एक अक्षर नसेना का. २०१९ पासून तर हाउसिंग कोर्टात घर खाली करण्याच्या दाव्यात फक्त भाडं मागता येतं. लेट फी, वकील फी, 'अ‍ॅडेड रेंट' म्हणजे जादा भाडं म्हणून घुसवलेलं बाकी काही तिथे चालत नाही. लेट फीसुद्धा ५० डॉलर किंवा भाड्याच्या ५ टक्के, जे कमी असेल ते. भाडेकरू तारखेला आलाच नाही आणि निकाल एकतर्फी लागला, तर वकील फी विसरा.

हो, हडसनपलीकडे न्यू जर्सीत करारात लिहिलं असेल तर वकिलाची फी जादा भाडं म्हणून धरतात. भाचा तिकडे राहतो, त्याचं उदाहरण लगेच ग्रुपवर आलं. मी उत्तर दिलं नाही. पाथ ट्रेननं नदी ओलांडली की कायदा बदलतो, हे समजावायला दीड पान लागलं असतं, आणि माझा मुद्दाही जरा पातळ झाला असता.

'तिकडे बसून बोलणं सोपं आहे,' आतेभाऊ म्हणाला. ठीक. मग इकडचा कायदा तरी कोणी वाचलाय? १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम १५. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूनं थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च भरला, तर थकबाकीपायी त्याला बाहेर काढता येत नाही. कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदवलेला हवा. नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. आमच्याकडे अकरा महिन्यांच्या कागदावर नोटरीचा शिक्का बसला की गंगेत घोडं न्हालं. म्हणजे लाल रेघ ज्या कागदावर ओढलीय, तो कागदच लंगडा.

आणि दाव्याचा खर्च म्हणजे वकिलाला मोजलेली खरी रक्कम नव्हे. दिल्लीतल्या जागेच्या एका खटल्यात हायकोर्टानं प्रत्यक्ष वकील फीवरून ४५ लाख २८ हजारांचा खर्च बसवला होता. सुप्रीम कोर्टानं तो २०११ मध्ये रद्द केला. मनपाच्या गाळ्यांच्या थकबाकीचा घोळ वर्षानुवर्षं चघळणाऱ्या आमच्या जळगावाला दोन खोल्यांतल्या भाडेकरूचाच एवढा राग का, कोण जाणे.

हे मी एवढं तावातावानं का बोलतोय? २०१६ मध्ये नोकरी बदलताना माझं भाडं नऊ दिवस उशिरा गेलं. पुढच्या बिलात ओळ आली: लीगल फी, ४५० डॉलर. कुठला वकील, कसली फी, काही विचारलं नाही. एच-वन व्हिसाची फाइल अडकलेली, आणि त्या काळी कोर्टात एकदा नाव गेलं की पुढचे घरमालक यादी बघून दारातूनच नाही म्हणायचे. मुकाट चेक लिहिला.

आता दुसरंही सांगतो. ग्रुपवरच्या फोटोतला करार माझ्याच घराचा आहे.

आई गेल्यावर जळगावचं घर बंद पडलं, तेव्हा खालच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि वरची आमच्यासाठी ठेवली. कराराच्या वेळी भावानं फोन केला, 'दादा, असं कलम चालतं का?' मी लाँड्रीत क्वार्टरची नाणी मोजत उभा होतो. म्हणालो, 'इकडे असंच असतं. टाक.'

भाडेकरू म्हणजे विनाअनुदानित शाळेतले सर. पगार अडकला, पाच महिन्यांचे साडेबत्तीस हजार थकले. भावाला कुलमुखत्यारपत्र पाठवलं, वकिलाकडून नोटीस दिली. त्याआधीच्याच जानेवारीत त्यांच्याकडे बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाऊन आलो होतो. नोटीस मिळाली त्या रात्री सरांचा फोन आला. 'भाऊ, नुसतं सांगितलं असतं तरी बायकोच्या पोतीवर काढून दिले असते.' दहा दिवसांत त्यांनी सगळे पैसे भरले. कलमाप्रमाणे वकिलाचे बारा हजारही. कसले म्हणून विचारलं नाही.

आता भाडं पाच तारखेच्या आत येतं. वरच्या खोलीची किल्ली मात्र त्यांनी भावाकडे नेऊन दिली. आधी मी यायच्या आदल्या दिवशी खोली झाडलेली असायची, माठ भरलेला असायचा. या मे महिन्यात गेलो तर बाहेर ४४ डिग्री, आत धूळ आणि माठ उपडा. खाली जाऊन तांब्याभर पाणी मागावं की नको, हे ठरवत जिन्यात बराच वेळ उभा होतो.