‘दोन मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. व्हर्च्युअल सीडी ड्राइव्हचं, म्हणजे फाइललाच सीडी म्हणून दाखवणारं, सॉफ्टवेअर काढल्यावर खरा डीव्हीडी ड्राइव्ह डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दाखवतो, त्यावर मी लेख लिहिला होता. त्याखाली तुम्ही म्हणता, "काहून एवढं लांबण लावलं? रजिस्ट्रीत अप्परफिल्टर्स, लोअरफिल्टर्स सर्च करा, डिलीट मारा, रिस्टार्ट करा. दोन मिनिटांचं काम. उगाच गावातल्या पोट्ट्यांना भेव दाखवून राहिला तू." (रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगचं भांडार. ही दोन नावं म्हणजे उपकरणाच्या मुख्य ड्रायव्हरला जोडून चालणाऱ्या जादा ड्रायव्हरांच्या याद्या.) पुढे आणखी तीन गोष्टी आहेत: विंडोज १० मध्ये आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल, अशीही उघडते, एसपीटीडी हा डेमन टूल्ससारख्या सॉफ्टवेअरचा ड्रायव्हर आधी काढायचा असतो, आणि नाहीच जमलं तर फॉरमॅट मारावा.

आधी बोलण्याच्या रीतीचं. ओळख नाही, पाळख नाही आणि थेट "तू". वऱ्हाडात मायेनं एकेरी बोलतात, हे मला कोणी शिकवायला नको. पण तुमच्या त्या वाक्यात माया नाही. मतभेद असेल तर डिव्हाइस मॅनेजर दाखवतो तो कोड नंबर लिहा, विंडोजची आवृत्ती लिहा, कुठली पायरी चुकली ते दाखवा. "भेव दाखवतो" हा तांत्रिक मुद्दा होत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मी इतकी वर्षं हेच काम करतो, आणि असा सल्ला ऐकून बंद पडलेली यंत्रंच माझ्या टेबलावर येतात. म्हणून लेख लांब आहे.

एक मान्य करतो. विंडोज ८ पासून पुढे साधी आयएसओ डबल क्लिकनं उघडते, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. हे लेखात खाली गेलं, वर असायला हवं होतं. झालं.

आता तुमचं "सर्च करा, डिलीट मारा". यावर सविस्तर बोलावंच लागेल, कारण वाचणारा तेवढंच वाक्य उचलतो.

रजिस्ट्रीत अप्परफिल्टर्स हे नाव एकाच जागी नसतं. करंटकंट्रोलसेट, मग कंट्रोल, मग क्लास, या फोल्डरमध्ये उपकरणाच्या प्रत्येक जातीची एक लांबलचक आकड्यांची की, म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा, असते. सीडी-डीव्हीडीची की ४डी३६ई९६५ नं सुरू होते. हार्ड डिस्कची ४डी३६ई९६७ नं. कीबोर्डची ४डी३६ई९६बी नं. फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. कंट्रोल-एफनं शोधून एफ३ दाबत गेलं की रजिस्ट्री एडिटर एकामागून एक या सगळ्यांवर नेतो, आणि "दिसलं की डिलीट" हे डोक्यात घेऊन बसलेला पोरगा तिन्हीकडचं उडवतो.

कीबोर्डच्या कीमध्ये अप्परफिल्टर्समध्ये केबीडीक्लास हे ड्रायव्हरचं नाव असतं. ते गेलं की रिस्टार्टनंतर लॅपटॉपचा कीबोर्ड मुका. बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावला तरी तोही मुका, कारण जात तीच. पासवर्ड टाकायचा कसा? लॉगिनच्या पडद्यावर खाली सुगम्यतेचं चिन्ह असतं, तिथून माऊसनं ऑन-स्क्रीन कीबोर्ड काढायचा, आत जायचं, त्या कीमध्ये मल्टी-स्ट्रिंग प्रकारची अप्परफिल्टर्स नावाची नोंद नव्यानं करायची, त्यात केबीडीक्लास लिहायचं, आणि रिस्टार्ट.

हार्ड डिस्कच्या कीमधला पार्टएमजीआर हा ड्रायव्हर उडवला तर एवढ्यावर भागत नाही. निळा स्क्रीन येतो, इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस, आणि विंडोज सुरूच होत नाही. मग रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमधून रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री एडिटर, उघडायचं, लोकल मशीनवर क्लिक करून फाइल मेनूतून लोड हाइव्ह (बंद पडलेल्या विंडोजची रजिस्ट्री उघडणं), मग विंडोज, सिस्टम३२, कॉन्फिग या फोल्डरातली सिस्टम नावाची फाइल. रिकव्हरीत सी ड्राइव्ह डी म्हणून दिसू शकतो, तेवढं बघून घ्यायचं. तिथे करंटकंट्रोलसेट दिसत नाही, कंट्रोलसेट००१ दिसतो. त्यात दुरुस्ती करून अनलोड हाइव्ह. हे जमणारा माणूस प्रत्येक गावात बसलेला नाही. ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाचं यंत्र असं बसलं, तर दाखल्यांसाठी आलेली माणसं उन्हात परत जातात.

बरं, सीडीच्याच बरोबर कीमध्ये गेलात असं धरू. तिथेही अख्खी नोंद उडवायची नसते. ही मल्टी-स्ट्रिंग नोंद आहे, म्हणजे एका ओळीवर एक ड्रायव्हर. सॉफ्टवेअर काढताना त्याची सिस फाइल, म्हणजे खुद्द ड्रायव्हर, जाते, पण नाव या यादीत राहून जातं. विंडोज प्रत्येक वेळी तो ड्रायव्हर शोधतं, सापडत नाही, म्हणून खरा ड्राइव्हसुद्धा सुरू करत नाही. कोड ३९ बहुतेक वेळा असा येतो. कोड ३२ आला तर ड्रायव्हरची सर्व्हिस बंद केलेली असू शकते, म्हणजे सर्व्हिसेसमधल्या त्याच्या कीमध्ये स्टार्टचा आकडा ४.

म्हणून क्रम असा. आधी त्या कीवर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट करा, फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. अप्परफिल्टर्स उघडा, एकेक नाव वहीत उतरवा. प्रत्येक नावासाठी करंटकंट्रोलसेटमधल्या सर्व्हिसेसमध्ये त्याच नावाची की बघा, तिथल्या इमेजपाथमध्ये फाइलचा पत्ता असतो. ती फाइल सिस्टम३२ च्या ड्रायव्हर्स फोल्डरात आहे का? नसेल, तर फक्त ती ओळ काढा. असेल, तर तिचा मालक कोण ते बघा. गिअरएस्पीआयडब्ल्यूडीएम दिसला तर तो आयट्यून्सचा. तो उडवला की आयट्यून्स उघडतानाच सीडी बर्न करायच्या नोंदी सापडत नाहीत म्हणून तक्रार करतं. पीएक्सहेल्प२० रॉक्सिओ-सॉनिकच्या बर्निंग सॉफ्टवेअरचा. एससीडीईएमयू पॉवरआयएसओचा. एल्बीसीडीआयओ व्हर्च्युअल क्लोनड्राइव्हबरोबर येतो. लोअरफिल्टर्सलाही हेच. हेच काम मी लेखात पायऱ्यांनी सांगितलं, त्याला तुम्ही लांबण म्हणालात.

आणखी एक. विंडोज ११ मध्ये हाच कोड ३९ मेमरी इंटिग्रिटी या सुरक्षेच्या सोयीमुळेही येतो. ड्रायव्हर जुना असतो, विंडोज त्याला आत घेत नाही. तिथे फिल्टर उडवून काडीचाही फरक पडत नाही. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन इथे न जुळणाऱ्या ड्रायव्हरची यादी मिळते, ओईएम आणि पुढे आकडा अशा नावाच्या आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती असलेल्या) फाइलसकट. ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल या ड्रायव्हर काढायच्या कमांडला तेच नाव डिलीट-ड्रायव्हर आणि अनइन्स्टॉल या दोन पर्यायांसह द्यायचं. दोन्ही वेळा आकडा तोच आणि कारण वेगळं. नुसता आकडा बघून इलाज सांगणाऱ्याचं इथेच चुकतं.

सीडीचा क्लास बिघडला तर काय एवढं, आजकाल सीडी कोण वापरतो, असंही कोणी म्हणेल. गावात त्याचा त्रास जास्त होतो. डिजिटल सहीची काही टोकनं आणि जुने नेटचे डोंगल यंत्राला लावले की आधी सीडी ड्राइव्ह म्हणूनच दिसतात, कारण त्यांचा सेटअप त्या सीडीत भरलेला असतो. क्लासमध्ये मेलेला फिल्टर बसला असेल तर त्या सीडीवरही पिवळं चिन्ह येतं, सेटअप उघडत नाही, आणि सेवा केंद्रवाला टोकन खराब झालं म्हणून नवं मागवतो. पैसे फुकट जातात.

लोडशेडिंगचंही सांगून ठेवतो. अनइन्स्टॉल झाल्यावर नुसतं शटडाउन करून उपयोग नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज आपला गाभा झोपवून ठेवतं, आणि जुना ड्रायव्हर सकाळी पुन्हा जिवंत. रिस्टार्टच करायचं. बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल किंवा यूपीएस नसलेला डेस्कटॉप, तर लाइट जायच्या वेळेच्या तोंडावर हे काम सुरूच करू नका. अर्धवट अनइन्स्टॉलमधूनच हे मेलेले फिल्टर तयार होतात.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. एसपीटीडी आधी काढा म्हणता, ते चूक. आधी जुनं डेमन टूल्स किंवा अल्कोहोल नावाचं सॉफ्टवेअर काढायचं, रिस्टार्ट, मग एसपीटीडीच्याच इन्स्टॉलरमधून अनइन्स्टॉल, पुन्हा रिस्टार्ट. उलटं केलं तर डेमन टूल्स एसपीटीडी नाही म्हणून अडून बसतं. त्याची की हातानं उडवायला गेलात तर आतली सीएफजी की परवानगी नाकारते. फॉरमॅटबद्दल बोलायचं नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या यंत्रात पोरांचा सराव, जुन्या सीडीच्या आयएसओ, सगळं असतं. एका ओळीसाठी कोणी ते पुसायला सांगत नाही.

पुढची प्रतिक्रिया टाकाल तर त्यात विंडोजची आवृत्ती, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड, आणि अप्परफिल्टर्स-लोअरफिल्टर्समधल्या ओळी जशाच्या तशा लिहा, आणि तुम्ही-आम्ही करून लिहा. तेवढं असेल तर मी त्याच दिवशी उत्तर देईन. नुसतं "डिलीट मारा" असेल तर ती प्रतिक्रिया मी ठेवणार नाही, कारण ती वाचून कोणाचा तरी कीबोर्ड बंद पडेल.