टाइमआउट ३०० केल्याने काहीच सुटत नाही

जळगाव-धुळ्याकडच्या डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर ५०४ (गेटवे टाइमआउट) एरर आणि टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, यावर एक सल्ला सध्या जोरात फॉरवर्ड होतोय: '५०४ म्हणजे सर्व्हर स्लो. क्लायंट, एनजिन्क्स, ॲप, सगळीकडे टाइमआउट ३०० सेकंद करा. तरी एरर आली तर रिक्वेस्ट परत पाठवा.' यातलं शेवटचं वाक्य तर सरळ नुकसान करणारं आहे.

५०४ म्हणजे सर्व्हर स्लोच, असं नाही. मागच्या ॲपकडून वेळेत उत्तर आलं नाही, एवढंच प्रॉक्सी (क्लायंट आणि ॲपच्या मध्ये बसणारा सर्व्हर, इथे एनजिन्क्स) सांगतो. फायरवॉल मध्येच पॅकेट टाकून देत असेल तरी ५०४च दिसतो. एनजिन्क्सचा एरर लॉग उघडा. 'कनेक्टिंग टू अपस्ट्रीम' असेल तर अपस्ट्रीमशी, म्हणजे मागच्या ॲपशी, कनेक्शनच लागलं नाही. 'रीडिंग रिस्पॉन्स हेडर' असेल तर ॲप अडकलंय. ॲक्सेस लॉगमध्ये ४९९ असेल तर क्लायंटनेच आधी कनेक्शन तोडलंय.

सगळीकडे ३०० केलं की अडकलेली रिक्वेस्ट पाच मिनिटं वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी ॲपची प्रोसेस) धरून बसते. चारच वर्कर असतील तर अशा चार रिक्वेस्टमध्ये सगळी साइट ठप्प. आकडे सारखे नकोत, चढते हवेत: डेटाबेस क्वेरी २० सेकंद, ॲप २५, प्रॉक्सी ३०, क्लायंट ३५. मग आतला थर आधी थांबतो आणि नेमकी एरर बाहेर येते. कीप-अलाइव्हला (रिकामं कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडं ठेवण्याचा वेळ) मात्र उलटं: मागच्या सर्व्हरचा वेळ पुढच्या लोड बॅलन्सरपेक्षा (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटणारा) जास्त हवा. एडब्ल्यूएसच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट डिफॉल्ट ६० सेकंद असतो आणि नोड.जेएसच्या सर्व्हरचा कीप-अलाइव्ह कित्येक व्हर्जनमध्ये ५. नोडने बंद केलेल्या कनेक्शनवर लोड बॅलन्सर रिक्वेस्ट पाठवतो; अधूनमधून येणारे ५०२ (बॅड गेटवे) बऱ्याचदा इथूनच येतात.

आता 'परत पाठवा'. क्लायंटने वाट पाहणं सोडलं म्हणून सर्व्हरवरचं काम थांबत नाही. रावेरला केळीची गाडी भरली, बांधावर नेटवर्क धड नाही, मुनीमने 'सेव्ह' दाबलं. स्क्रीनवर टाइमआउट, पण सर्व्हरवर पावती तयार. त्याने पुन्हा दाबलं की एकाच गाडीच्या दोन पावत्या, आणि शेतकऱ्याच्या हिशोबात घोळ. हा घोळ निस्तरायला त्या बिचाऱ्यालाच चकरा माराव्या लागतात, म्हणून मला या सल्ल्याची चीड येते. फॉर्म उघडतानाच पावतीला एक युनिक आयडी द्या, डेटाबेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स (एकच आयडी दोनदा साठवू न देणारा) लावा, आणि तोच आयडी पुन्हा आला तर आधीचीच पावती परत द्या. हे होईपर्यंत पोस्ट रिक्वेस्टला (सेव्हसारखी, सर्व्हरवर नोंद करणारी) ऑटो-रिट्राय, म्हणजे आपोआप परत पाठवणं, लावू नका.