कीबोर्ड लावला म्हणून टॅबचा कॉम्प्युटर होत नाही

टॅबलेटवर कोडिंग आरामात होतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा एका गिऱ्हाइकाचं खरं काम त्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवावं. व्हिडिओ नको. टेबलावर टॅब, शेजारी कॉफी, काळ्या स्क्रीनवर रंगीत ओळी, हे बघून बघून डोकं फिरलंय माझं. त्या ओळी चालवून दाखवा. डेटाबेस जोडून दाखवा. बटण दाबल्यावर एरर येते ती नेमकी कुठून येते, ते शोधून दाखवा.

मी सांगलीत हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाची सॉफ्टवेअर करतो. लॅपटॉपचा मदरबोर्ड गेलाय, पार्ट काही येत नाही, त्यामुळे सध्या सगळा धंदा टॅब आणि ब्लूटूथ कीबोर्डवर चाललाय. टॅब साधासुधा नाही. रॅम भरपूर, स्क्रीन माझ्या लॅपटॉपपेक्षा सुंदर, बॅटरी दिवसभर पुरते. यंत्र म्हणून नाव ठेवायला जागा नाही आणि संताप होतो तो त्यामुळेच. यंत्रात दम नसता तर गप्प बसलो असतो. दम आहे, पण तो वापरायची परवानगी नाही.

परवा मार्केट यार्डात एका अडत पेढीवर होतो. शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावतीत, हमाली आणि तोलाई एकाच रकान्यात छापून येत होती, ती वेगळी करायची होती. किरकोळ काम. दिवाणजी शेजारी बसलेले, सौदे उरकून पोती उचलायची गडबड चाललेली, पट्टीसाठी दोन-तीन शेतकरी पायरीवर थांबलेले. स्क्रीनच्या डाव्या अर्ध्या भागात कोड, उजवीकडे ब्राउझर, मागे टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, ब्राउझरला पान पुरवणारा सर्व्हर चालू. रकाना वेगळा केला, ब्राउझरमध्ये नवीन पट्टी उघडली, पोती, वजन, दर सगळं भरलं आणि सेव्ह दाबलं. पान पांढरं फटक. टर्मिनल उघडून बघतो तर एकच ओळ: प्रोसेस कम्प्लीटेड, सिग्नल नाईन, प्रेस एंटर. म्हणजे सर्व्हर बंद पडला नव्हता, टॅबने तो मारला होता. परत चालू केला आणि ब्राउझरकडे आलो, तर तेवढ्यात तिकडचं पान मेमरीतून हाकललेलं. पान नव्याने लोड झालं आणि भरलेली पट्टी गेली. पुन्हा भरायला घेतली तर पुन्हा सिग्नल नाईन. शेवटी दिवाणजी म्हणाले, "सर, ऱ्हाऊ दे वो आता. मी हातानं लिहून देतो. माणसं खोळंबल्यात." त्यांनी पावतीपुस्तकात कार्बन घातला आणि पट्ट्या लिहिल्या. त्या माणसांना जतची एसटी गाठायची होती. भर पेढीवर माझी अब्रू गेली ती गेलीच, पण त्यांचा खोळंबा कुणी भरून द्यायचा?

आता हे का होतं ते ऐका. अँड्रॉइड १२ पासून नियम आहे की अ‍ॅपने मागे सुरू केलेल्या पोटप्रोसेस (अ‍ॅपच्या पोटात चालणारे छोटे प्रोग्रॅम) सगळ्या अ‍ॅपच्या मिळून ३२ च्या वर गेल्या, किंवा एखादीने सीपीयू जास्त खाल्ला, की सिस्टीम ती सरळ मारून टाकते. बॅटरी वाचावी म्हणून. फोनवर कुणी मागे लपून बॅटरी खात असेल तर जरूर मारा. पण आमचं कामच पोटप्रोसेसचं आहे की! सर्व्हर एक, डेटाबेसच्या चार, फाइल बदलली का बघत बसणारी एक, बिल्ड करणाऱ्या आणखी काही. ही मर्यादा काढायची सोय नंतरच्या आवृत्त्यांत दिली, तीही डेव्हलपर ऑप्शन्सच्या ढिगाऱ्यात. जुन्या आवृत्तीवर असाल तर एडीबीची, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडला हुकूम द्यायच्या साधनाची, कमांड शोधा आणि कुठल्यातरी कोपऱ्यातली सेटिंग बदला. टर्मक्ससारखं इतकं उपयोगी टर्मिनल अ‍ॅप, त्याचे प्ले स्टोअरवरचे अपडेट २०२० मध्ये अडले ते काही वर्षं, कारण अँड्रॉइड १० च्या नव्या नियमात अ‍ॅपने स्वतःच्या फोल्डरात उतरवलेला प्रोग्रॅम चालवायला बंदी आली. मग पूर्ण आवृत्तीसाठी एफ-ड्रॉइड या दुसऱ्या दुकानातून घ्या, अनोळखी अ‍ॅपची परवानगी द्या, धोक्याच्या सूचना बाजूला सारा. डॉकरचं, म्हणजे प्रोग्रॅम सगळ्या सामानासकट वेगळ्या पेटीत चालवणाऱ्या साधनाचं, तर नावच काढू नका. त्याला कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, जे लागतं तेच टॅबमध्ये बंद करून पाठवतात.

आणि डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली पान तपासायची साधनं? ज्याने वेबसाइट केली आहे त्याला विचारा, दिवसाचा किती वेळ राइट क्लिक आणि इन्स्पेक्टमध्ये जातो. टॅबच्या क्रोममध्ये ते नाहीच. टॅबवरचं पान तपासायचं असेल तर टॅब यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा आणि कॉम्प्युटरच्या क्रोममधून बघा. आयपॅडची सफारी तपासायची असेल तर मॅक आणा. मला हे वाचून दाखवा कुणीतरी मोठ्याने! टॅबवरचं काम तपासायला कॉम्प्युटर लागतो, हे बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, आणि दुकानात मात्र तोच टॅब कॉम्प्युटरच्या जागी घ्या म्हणून सांगतात.

मित्र म्हणतो आयपॅड घे. बरं, त्याचंही बघू. २०१७ मध्ये ॲपलने आयपॅड प्रोची जाहिरात केली, त्यातली मुलगी शेवटी विचारते की कॉम्प्युटर म्हणजे काय. २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये एम१ चिप आली, तीच जी आदल्या वर्षी मॅकबुक एअरमध्ये होती. मे २०२४ मध्ये तर एम४ चिप सगळ्यात आधी आयपॅडमध्येच आली, मॅकसाठी ती नंतर ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली. इतकं असूनही एक्सकोड आयपॅडवर नाही. आयपॅडसाठीची अ‍ॅप ज्यात लिहितात ते साधन आयपॅडवर नाही! ॲपलच्याच स्विफ्ट भाषेसाठी स्विफ्ट प्लेग्राउंड्स आहे, २०२१ च्या डिसेंबरपासून त्यातून अ‍ॅप स्टोअरला अ‍ॅप पाठवता येतं, पण नोड, पायथन, पीएचपी अशा दुसऱ्या साधनांत काम करणाऱ्या माणसाने त्याचं काय करायचं? स्टोअरमधल्या अ‍ॅपला जिट, म्हणजे कोड चालता चालता प्रोसेसरच्या भाषेत बदलून वेग वाढवायची युक्ती, वापरता येत नाही. त्यामुळे आयएसएच नावाचं अ‍ॅप लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट सिस्टीम) दाखवतं खरं, पण इंटेलच्या प्रोसेसरची नक्कल करत रांगत चालतं. आयपॅडवर दुसरी अख्खी सिस्टीम चालवणारं यूटीएम एसई २०२४ च्या जुलैमध्ये स्टोअरवर आलं, तेही जिटशिवाय, म्हणून तेही रांगतं. खिलार खोंड पूर्ण किमतीला विकायचा आणि त्याच्या मानेवर जू ठेवायचा हक्क मात्र विकणाऱ्यानेच राखून ठेवायचा, असला हा व्यवहार. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये खिडक्या हलवता येतात, वर मेनूबार आला. चांगलं झालं. पण खिडक्या हलवून सर्व्हर चालत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: क्लाउड वापर ना. टॅब फक्त काच, खरं काम दूरच्या सर्व्हरवर. मग पुन्हा विचारतो, एवढे हजार रुपये मोजून घेतलेल्या चिपचं काय करू? टॅबचे पैसे दिले, कीबोर्डचे वेगळे दिले, आता दुसऱ्याच्या कॉम्प्युटरचं भाडं दर महिन्याला डॉलरमध्ये द्यायचं, का तर माझ्या हातातल्या यंत्राला काम करायला मनाई आहे म्हणून. कोड लिहायचं फुकटातलं व्हीएस कोड ब्राउझरमध्ये २०२१ पासून मिळतं, पण त्यात टर्मिनल नाही, म्हणजे लिहा आणि बघत बसा. शिवाय नेटचं काय? हे सल्ले देणारे कुठे राहतात मला माहीत नाही. इथे जरा वळवाचा पाऊस झाला की लाईट जाते, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंज जाते. कृष्णेला पाणी चढायला लागलं की तर विचारूच नका. २०१९ आणि २०२१ चा महापूर सांगलीने बघितलाय. पाणी मारुती चौकाकडे सरकायला लागलं की व्यापारी माल हलवतो, वह्या हलवतो आणि मला फोन करतो, "हिशोब सगळा नीट हाय न्हवं?" त्या वेळी मी नेट यायची वाट बघतोय असं सांगू? लॅपटॉप चार्ज असेल तर अंधारातही काम होतं. क्लाउडवर टाकलेला टॅब रेंज गेली की फक्त उजेड देतो.

कोडिंग जाऊ दे, साधं पेढीवरचं काम घ्या. जीएसटीच्या वार्षिक रिटर्नची ऑफलाइन एक्सेल फाइल मॅक्रोवर, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमवर, चालते, आणि टॅबच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावायचा तर त्याचा ड्रायव्हर कॉम्प्युटरसाठी. टॅलीही विंडोजवर. एका शेठजींच्या मुलाने पेढीवरचा जुना डेस्कटॉप काढून टॅब आणला, दुकानदाराने सांगितलं होतं की सगळं होतं यावर. आठवड्यात डेस्कटॉप माळ्यावरून खाली आला. बिचारे दिवाणजी धूळ पुसत बसले होते.

मला सगळ्यात जास्त राग मात्र वेगळ्याच गोष्टीचा येतो. माझ्याकडे उद्या लॅपटॉप येईल, माझं भागेल. पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या किती घरांत पोरांकडे एकच यंत्र आहे आणि ते टॅब आहे. कुणाला जेईई-नीटच्या तयारीसाठी योजनेतून मिळालेला, कुणाला बापाने ऑनलाइन शाळेच्या काळात उसनवार करून घेतलेला. त्यांच्या गावात कॉम्प्युटर क्लास नाही, सांगलीला रोज यायचं भाडं परवडत नाही. आमच्या ओळखीतली बारावीची एक पोरगी पायथन शिकतेय त्यावर. ब्राउझरमधल्या चौकटीत लिहिते, उत्तर येतं, खूश होते. परवा तिने विचारलं, "दादा, मी लिहिलेला प्रोग्रॅम फाइल म्हणून माझ्या टॅबवर कसा ठेवू? घरी नेट नसताना चालवायचाय." तिला एफ-ड्रॉइड, परवानग्या, मारल्या जाणाऱ्या प्रोसेस हे सगळं समजावून सांगताना माझी जीभ अडखळत होती. तिची बुद्धी कमी नाही, तिच्या टॅबची चिपही कमी नाही. मी कॉलेजात ज्या डबा कॉम्प्युटरवर सी भाषा शिकलो त्याच्या कितीतरी पट वेगवान चिप आहे ती. मधे फक्त कुणीतरी ठरवलेला नियम आहे, की टॅब घेणारा माणूस बघणारा आहे, बनवणारा नाही.

हे बदलता येत नाही असंही कुणी मला सांगू नये. मार्च २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनवर अख्ख्या डेबियन लिनक्सचं टर्मिनल आलं. सेटिंगमध्ये जायचं, चालू करायचं, सिस्टीमपासून वेगळ्या पेटीत लिनक्स सुरू. सुरक्षेला धक्का नाही, फोनच्या सिस्टीमचं कुलूप तोडायची खटपट नाही. खिशातल्या फोनवर जे जमलं ते त्याच्या दुप्पट बॅटरीच्या, तिप्पट स्क्रीनच्या टॅबवर द्यायला काय अडचण आहे? ज्या टॅबच्या प्रोसेसरला हे झेपतं त्या प्रत्येक टॅबवर ते द्या, स्वस्तातल्यावर आधी द्या. आणि जोपर्यंत देत नाही, तोपर्यंत खोक्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा की यावर डॉकर चालत नाही, मॅक्रो चालत नाहीत, सहीचा टोकन चालत नाही, मागे ठेवलेला सर्व्हर कधीही मारला जाईल. आणि दुकानदाराने पैसे घ्यायच्या आधी ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवावं.