थोरियमची छोटी अणुभट्टी: झाला तो फक्त करार

‘महाराष्ट्रात थोरियमची छोटी अणुभट्टी मंजूर, वीजबिल निम्म्यावर’ हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. तो वाचून मावशीने छतावरच्या सोलर पॅनेलचा बेत पुढे ढकलला, म्हणून हा खुलासा.

एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मिती ही राज्याची वीजनिर्मिती कंपनी आणि रशियाची सरकारी अणुऊर्जा कंपनी रोसाटॉम यांच्यात सामंजस्य करार झाला, एवढं खरं. सामंजस्य करार म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. शिवाय थोरियम थेट इंधन म्हणून चालत नाही. न्यूट्रॉन शोषून आधी त्याचं युरेनियम-२३३ हे भट्टीत चालणारं इंधन व्हावं लागतं.

आता दराचं. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये नुस्केल कंपनीच्या छोट्या अणुभट्ट्यांच्या ४६२ मेगावॉट प्रकल्पाचा अंदाजित दर मेगावॉट-तासाला (म्हणजे १,००० युनिटांना) ५८ डॉलरवरून ८९ वर गेला, तोही सरकारी सवलत धरून. वीज घ्यायला पुरेसे ग्राहक मिळेनात आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प गुंडाळला. भट्टी छोटी असली तरी परवाना, पहारा, सुरक्षा काही त्या प्रमाणात स्वस्त होत नाही. तो खर्च विजेच्या थोड्याच युनिटांवर पडतो.

तंत्र खोटं नाही. रशियातल्या पेवेकमध्ये ३५-३५ मेगावॉटच्या दोन तरंगत्या अणुभट्ट्या चालू आहेत. भारतानेही २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी छोट्या अणुभट्ट्यांचं लक्ष्य ठेवून २०,००० कोटींची घोषणा केली आहे.

मावशी, पॅनेल बसवून घे.