ग्राफ ग्योत्सेन आणि धान्याचा हिशोब

गुस्टाफ आडोल्फ फॉन ग्योत्सेन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. ज्यांना माहीत असतं त्यांनाही तो अर्धाच माहीत असतो. रवांडाबद्दल वाचणाऱ्यांना तो प्रवासी म्हणून भेटतो, टांझानियाबद्दल वाचणाऱ्यांना गव्हर्नर म्हणून. एक धाडसी तरुण, दुसरा क्रूर प्रशासक, आणि मधे जणू माणूसच बदलला! माझं मत असं की माणूस तोच होता आणि त्याचं कसबही तेच होतं. ते कळायला त्याच्या तांड्याच्या शिदोरीपासून सुरुवात करावी लागते.

आधी घराणं. जन्म १२ मे १८६६ चा, सायलेशियातल्या ग्लात्स परगण्यातला (आज पोलंड). ग्राफ म्हणजे सरदारी किताब. कायद्याचं शिक्षण, मग बर्लिनच्या गार्ड पलटणीत उहलान, म्हणजे भालाईत घोडदळाचा अधिकारी. नोकरीनिमित्त रोममध्ये असताना १८९१ मध्ये किलिमांजारोकडे शिकारीला गेला आणि तिथून आफ्रिकेचं वेड लागलं. त्या काळात असं वेड परवडायला घरचा पैसा आणि दरबारी ओळख लागे. त्याच्याकडे दोन्ही होतं.

डिसेंबर १८९३ मध्ये तो हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरच्या पंगानीहून निघाला. सोबत फॉन प्रिटवित्स आणि डॉक्टर हेरमान केर्स्टिंग. (हाच केर्स्टिंग पुढे टोगोच्या उत्तर भागात जिल्हाधिकारी झाला आणि तिथे त्याचं नाव फार चांगल्या कारणांनी निघत नाही.) गंमत बघा, १८९० च्या करारात रवांडाचा मुलूख जर्मनीच्या वाट्याला आला होता आणि तोवर एकाही जर्मनाने तो पाहिलेला नव्हता. रवांडात शिरलेला पहिला युरोपियन ग्योत्सेन, असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं. ते चूक. ऑस्ट्रियाचा ऑस्कार बाउमान १८९२ मध्येच दक्षिण कडेला जाऊन आला होता. ग्योत्सेन २ मे १८९४ ला रुसुमो धबधब्यापाशी आत शिरला, देश आडवा ओलांडला आणि मे महिना संपता संपता कागेयो इथे राजा किगेली चौथा रवाबुगिरी याला भेटला. मग नीरागोंगो ज्वालामुखीवर चढाई, किवू सरोवर, आणि तिथून मागे न फिरता पश्चिमेला काँगोच्या जंगलात. नोव्हेंबर १८९४ मध्ये काही माणसं गमावून तो काँगो नदीच्या मुखाजवळच्या मताडीला पोहोचला.

आता तांडा चालतो कसा ते बघू. गाडी नाही, बैल-घोडे त्से-त्से माशीमुळे टिकत नाहीत. सगळं माणसाच्या डोक्या-खांद्यावर. एका हमालाचं ओझं साधारण ३० किलो. त्यात कापडाचे तागे, मणी, पितळेची तार, कारण आत नाणं चालत नाही, वाटेतल्या मुखियाला द्यायचा जकातीसारखा ‘होंगो’ आणि रोजचं धान्य दोन्ही कापडातच मोजायचं. हमालाचा रोजचा शिधा, ‘पोशो’, म्हणजे साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर धान्य. ७०० ग्रॅम धरा. सहाशे माणसांचा तांडा असेल तर दिवसाला ४२० किलो, म्हणजे चौदा हमालांचं ओझं एका दिवसात पोटात जातं. दहा दिवसांचं धान्य बरोबर न्यायचं तर १४० हमाल फक्त धान्यासाठी लागतात, आणि ते स्वतःही खातातच! महिन्याभराचा साठा नेणं शक्यच नाही, कारण मग दुसरं काही नेता येत नाही.

म्हणजे असा तांडा जगतो तो वाटेतल्या गावांच्या कणग्यांवर. पीक बरं असेल आणि गावाची इच्छा असेल तर कापड देऊन धान्य मिळतं. इच्छा नसेल तर बंदुका पुढे येतात. प्रवासवर्णनात त्याला ‘सक्तीची खरेदी’ वगैरे सोवळे शब्द असतात. दहा-बारा कुटुंबांच्या वाडीवर एका संध्याकाळी शेकडो भुकेली माणसं उतरली की त्या वाडीच्या पुढच्या पेरणीचं बियाणंसुद्धा धोक्यात येतं. जंगलपट्ट्यात तर वस्ती विरळ, केळी आणि कसावा सोडून फारसं काही नाही, तिथे तांडे मोडतात ते याच कारणाने. माणसं आधी उपासानं ढासळतात, मग आमांश, मग पळापळ. कुठल्या मुलखात धान्य कधी कापतात, कुठे साठवतात आणि ते नसलं की किती दिवसांत माणूस वाकतो, हे ग्योत्सेनने पुस्तकातून नव्हे, रोज सकाळी शिधा वाटताना शिकलं असणार, असं मला वाटतं.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो. वॉशिंग्टनला लष्करी अटॅशे, म्हणजे जर्मन वकिलातीतला लष्करी प्रतिनिधी, १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात क्यूबात निरीक्षक, तिथे थिओडोर रूझवेल्टची ओळख, बाल्टिमोरच्या एका विधवेशी लग्न. १९०१ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेचा (आजचे टांझानिया, रवांडा आणि बुरुंडी) गव्हर्नर.

इथे मराठी वाचकाला ओळखीचं काहीतरी सापडेल. या वसाहतीचं चलन होतं ‘रुपी’, आपल्या रुपयाच्या वजनाचं आणि चांदीचं, कारण किनाऱ्यावरचा सगळा व्यापार मुंबई-कच्छच्या पेढ्यांशी बांधलेला. एका रुपीचे ६४ ‘पेसा’, थेट आपल्या सोळा आण्यांच्या हिशोबातून. ग्योत्सेनच्याच काळात, १९०४ मध्ये, ही पद्धत मोडून एका रुपीचे १०० हेलर करण्यात आले आणि १५ रुपींना २० मार्क असा दर बांधला.

कर होता ३ रुपी. आधी घरामागे, १९०५ पासून प्रत्येक प्रौढ पुरुषामागे. रोख नसेल तर अंगमेहनत. त्यावर १९०२ पासून कापसाची योजना: गावोगाव मुखियाच्या देखरेखीखाली एक सामायिक शेत, प्रत्येकाने कागदावर वर्षाला २८ दिवस राबायचं, उत्पन्नाचा तिसरा हिस्सा राबणाऱ्यांना, तिसरा मुखियाला, तिसरा जिल्ह्याच्या तिजोरीला. कागदावर ठीक वाटतं ना? प्रत्यक्षात २८ दिवसांची मर्यादा पाळली गेली नाही, आणि कापसाची कामं नेमकी ज्वारी-मका-भाताच्या कामांच्या वेळीच येत. स्वतःचं शेत तणात बुडालेलं आणि हा मुखियाच्या चाबकाखाली सरकारी कापूस खुरपतोय. हातात पडणारी मजुरी इतकी हास्यास्पद होती की काही ठिकाणी लोकांनी ती घ्यायलाच नकार दिला.

जुलै १९०५ मध्ये मातुम्बी टेकड्यांतल्या नांदेते इथे लोकांनी कापसाची रोपं उपटली. युद्धाची घोषणा ती. न्गाराम्बेचा मांत्रिक किंजिकितिले न्ग्वाले लोकांना मंतरलेलं पाणी देत होता: पाणी, एरंडेल, बाजरीसारखं धान्य. या पाण्यानं जर्मन गोळ्यांचंही पाणी होईल अशी श्रद्धा. स्वाहिलीत पाण्याला ‘माजी’ म्हणतात, म्हणून या बंडाचं नाव माजी माजी. (आपल्या माजी आमदारातला माजी नव्हे.) किंजिकितिलेला ४ ऑगस्टला फाशी दिली, तरी वणवा दक्षिणेला पसरतच गेला. ३० ऑगस्टला माहेंगेच्या ठाण्यावर हजारोंनी चाल केली आणि दोन मशीनगनपुढे पाण्याचं काय झालं ते सगळ्यांना दिसलं.

खरी कत्तल त्यानंतरची. लोक मैदानात येईनासे झाले, झाडीत पांगले. कॅप्टन वांगनहाइमने वर कळवलं की नुसत्या लष्करी कारवाया समुद्रातला थेंब ठरतील, शेवटची शरणागती भूक आणि टंचाईच आणेल. ग्योत्सेनच्या राजवटीने तेच केलं. गावं जाळली, उभी पिकं जाळली, कणग्या रिकाम्या करून धान्य आपल्या फौजेला, बियाणंही शिल्लक नाही. वेळ बघा: त्या भागात पेरणी होते नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर. त्याच्या तोंडावर बियाणं गेलं की एक हंगाम गेला, आणि राबणारे पुरुष मेले किंवा कैदेत गेले की पुढचाही. जर्मनांचा अधिकृत आकडा ७५,००० मृत्यूंचा. नंतरच्या इतिहासकारांचा अंदाज अडीच ते तीन लाखांचा, बहुतेक उपासमारीचे. जर्मन बाजूचे युरोपियन मेले पंधरा.

म्हणून मला ‘गव्हर्नर परिस्थितीपुढे हतबल होता’ ही मांडणी पटत नाही. तांड्यातला ७०० ग्रॅमचा हिशोब ज्याला पाठ असतो, त्याला तोच हिशोब उलटा मांडता येतो. कणगी रिकामी केल्यावर काय होतं, हे त्या वसाहतीत त्याच्याइतकं कमी गोऱ्यांना ठाऊक असेल.

तो १९०६ मध्ये तब्येतीच्या कारणाने परतला. त्याच्या जागी आलेल्या रेशेनबर्गने धोरण सैल केलं, म्हणून गोऱ्या मळेवाल्यांनी त्याला भारतीय व्यापाऱ्यांचा कैवारी म्हणून झोडपलं. ग्योत्सेनने १९०९ मध्ये बंडावर पुस्तक लिहिलं, त्यात भर मांत्रिकांवर आणि अंधश्रद्धेवर. १९१० मध्ये हॅम्बुर्गला चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला.

त्याच्या नावाची आगबोट जर्मनीत पापेनबुर्गला १९१३ मध्ये बांधून, सुटी करून, हजारो पेट्यांतून टांगानिका सरोवरापर्यंत नेली होती. १९१६ मध्ये माघार घेताना जर्मन अभियंत्यांनी यंत्रांना ग्रीस थापून ती स्वतःच बुडवली. ब्रिटिशांनी वर काढली आणि १९२७ पासून ती ‘लिएम्बा’ नावाने चालू लागली. या बोटीवर भरभरून लिहिलं जातं. ओसाड पडलेल्या दक्षिणेवर कमी, जिथे माणूस हटल्यावर झुडपं आणि त्से-त्से परतली आणि पुढे त्यातला मोठा पट्टा सेलूस अभयारण्यात गेला.

फेब्रुवारी-मार्च १९०६ मध्ये या बंडासाठी फाशी दिलेल्या, दक्षिणेतल्या न्गोनी जमातीच्या सरदारांपैकी सोंगेआ म्बानो याचं मुंडकं जर्मनीला नेल्याचं त्याचे वंशज सांगतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर सोंगेआ शहरात गेले, क्षमा मागितली आणि ती कवटी शोधायचा प्रयत्न करू असं त्या कुटुंबाला सांगून परतले.