लोथलची गोदी: फिरणारे दावे आणि विटांमधला पुरावा

गुजरातमधल्या लोथल या सिंधू संस्कृतीच्या वस्तीबद्दलचा एक संदेश मराठी व्हॉट्सअॅप गटांत पुन्हा पुन्हा येतो. त्यात म्हटलेले असते की ही जगातली सर्वात जुनी गोदी, तिला आजच्यासारखे लॉक-गेट होते, 60 टनांची 30 जहाजे एका वेळी आत उभी राहत आणि समुद्र थेट गावाच्या वेशीला होता. अहमदाबाद जिल्ह्यात सरगवाला गावाजवळ, भोगावो नदीच्या परिसरात पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी 1955 पासून उत्खनन केलेली ही वस्ती अस्सल मोलाची आहे. म्हणूनच तिच्याबद्दल वाटेल ते खपवू नये.

“सर्वात जुनी.” नाही. इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल-जर्फ येथे खुफू या राजाच्या काळातले, इ.स.पू. 2600 च्या सुमाराचे बंदर सापडले आहे. तिथे पाण्यात शिरलेला दगडी धक्का आहे, दगडी नांगर आहेत. लोथलला सर्वात आधीचा काळ दिला तरी तो इ.स.पू. 2400 च्या आसपासचा.

“लॉक-गेट होते.” सगळ्यात जास्त घोटाळा इथे आहे. लॉक म्हणजे दोन दारांमधली कोठी. नाव कोठीत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाण्याची पातळी वरखाली करायची आणि मग पुढचे दार उघडायचे. अशी रचना चीनमध्ये इ.स. 984 ला झाल्याची नोंद आहे. लोथलला तसे काही नाही. तिथे भाजक्या विटांचे, सुमारे 215 मीटर लांब आणि 36 मीटर रुंद कुंड आहे. त्यात पाणी येण्यासाठी आधी बारा मीटरच्या आसपास रुंदीची वाट होती. पुराने नदी सरकल्यावर दुसरीकडून अरुंद वाट काढली, असे राव मांडतात. दक्षिणेच्या भिंतीत जास्तीचे पाणी सोडणारी मीटरभर रुंदीची मोरी आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना खाचा आहेत. खाचांत फळी सरकवली की ओहोटीलाही कुंडात पाणी टिकते, काढली की वाहून जाते. या फळीने पाणी अडते, नाव वर चढत नाही.

पाणी अडवण्याची गरज मात्र खरीच होती. खंभातच्या आखातात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. मुंबईला तो पाचच्या आसपास असतो. फळी नसती तर ओहोटीला नावा चिखलात बसल्या असत्या. पण पाणी थांबले की गाळही बसतो, आणि या आखाताचे पाणी गढूळ. म्हणजे कुंड वापरात ठेवायचे तर ठरावीक वेळाने मोरी उघडून गाळ वाहवणे किंवा उपसणे भाग होते.

“60 टनांची 30 जहाजे.” हा क्षेत्रफळावरून बांधलेला अंदाज आहे. जहाज वीस मीटर लांब आणि सहा मीटर रुंद धरा: तीस जहाजांना 3,600 चौरस मीटर लागतात, कुंड आहे सुमारे 7,700 चे. कागदावर हिशेब बसतो. पण 36 मीटर रुंदीत दोन्ही कडांना नावा बांधल्यावर मध्ये वीस मीटरचे जहाज वळवायला जेमतेम जागा राहते. शिवाय लोथलला जहाज सापडलेले नाही. सापडल्या त्या नावांच्या मातीच्या प्रतिकृती.

“समुद्र वेशीला होता.” किनारा तेव्हा आजच्यापेक्षा जवळ होता, पण हे मुळात नदीवरचे ठिकाण. आज साबरमती लोथलपासून सुमारे वीस किलोमीटरवर वाहते. तिचे जुने पात्र लोथलजवळून जात होते, असे आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी 2024 मध्ये उपग्रहचित्रांवरून दाखवले.

दुसऱ्या टोकाला “हा तर साधा पाण्याचा तलाव” असेही ठणकावले जाते. लॉरेन्स लेश्निक या अभ्यासकाने 1968 मध्ये हा आक्षेप घेतला होता आणि तो गंभीर आहे. पण कुंडाच्या गाळात समुद्री सूक्ष्मजीवांची कवचे मिळाली, म्हणजे खारे पाणी आत येत होते. असे पाणी पिण्याला किंवा शेतीला कोण साठवेल? भिंतीही सरळ उभ्या आहेत, उतरायला पायऱ्या नाहीत. आमच्या मते गोदीचे पारडे जड आहे, तरी वाद मिटलेला नाही.

सागरी व्यापार मात्र या वादावर अवलंबून नाही. कुंडाजवळच्या कोठाराला आग लागली, तेव्हा मालाच्या गाठोड्यांवरचे मातीचे ठसे भाजून टिकले. असे 65 ठसे मिळाले. त्यांच्या एका बाजूला सिंधू मुद्रेची छाप आहे, पाठीवर कापडाचा, चटईचा, दोरीचा उमटलेला पोत. मालाच्या बांधणीचा हा थेट पुरावा आहे. मेलुहा या देशाच्या नावा मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) अक्कद शहराच्या धक्क्याला लागल्याचे तिथला राजा सार्गोन याच्या लेखात येते, आणि मेलुहा म्हणजे सिंधू प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. लोथलला पर्शियन आखाती पद्धतीची गोल मुद्राही मिळाली, पण ती जमिनीच्या पृष्ठभागावर. त्यामुळे उत्खननातल्या मातीच्या थरावरून तिचा काळ ठरवता येत नाही, हे ती दाखवणाऱ्या प्रत्येक संदेशात लिहिले पाहिजे.